मृत्युपत्र: एकदा लिहून विसरण्याचा कागद नव्हे

(भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सव म्हणजे पन्नास वर्षांचा हिशेब एकत्र पाहण्याचा मंगल प्रसंग. सार्वजनिक न्यासाचे हिशेब दरवर्षी तपासले जातात, विश्वस्त बदलला तर त्याची रीतसर नोंद होते, मिळकतीत भर पडली तर तीही कागदावर येते. व्यापारी माणूसही दिवाळीला चोपडापूजन करतो, ३१ मार्चला शिल्लक माल मोजतो, येणे-देणे मांडतो. मात्र त्याच व्यापाऱ्याच्या घरी, कपाटातल्या लोखंडी पेटीत, दहा-पंधरा वर्षांपूर्वी लिहिलेले मृत्युपत्र तसेच पडून असते. ज्या दिवशी ते लिहिले त्या दिवशी डोक्यावरचे ओझे उतरले असे त्यास वाटले आणि त्यानंतर तो कागद पुन्हा उघडून पाहण्याची आवश्यकता त्याला भासली नाही. दुकानाचा माल दरवर्षी मोजणारा माणूस घराच्या वाटणीचा कागद मात्र एकदाच पाहतो, ही विसंगती विचार करण्याजोगी आहे.

मृत्युपत्र करावे की नाही, हा आजचा विषय नाही. ते करावे, हे बहुतेकांना पटलेले आहे. केलेले मृत्युपत्र पुन्हा केव्हा उघडावे व केव्हा बदलावे, हा आजचा विषय आहे.

महाराष्ट्रातील घराघरांच्या भिंतीवर असणाऱ्या ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या मिळकतीसंबंधीचा खटला या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. साळगावकर हे व्यवस्थित, नियोजनबद्ध वृत्तीचे गृहस्थ म्हणून सर्वपरिचित होते. त्यांनी २७ जून २०११ रोजी मृत्युपत्र केले होते. २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांचे निधन झाले. मृत्युपत्रात उल्लेखिलेल्या मिळकतींव्यतिरिक्त त्यांच्या चार कोटींहून अधिक रकमेच्या मुदत ठेवी आणि पावणेचार कोटींहून अधिक रकमेची म्युच्युअल फंडांतील गुंतवणूक होती. त्यांवर कुटुंबातील निरनिराळ्या व्यक्तींचे नामनिर्देशन, म्हणजे नॉमिनेशन, होते. नॉमिनी हा त्या रकमेचा मालक, की केवळ ती स्वीकारून वारसांना देणारा विश्वस्त, असा प्रश्न उभा राहिला. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा दाखल झाला. २०१५ मध्ये एकसदस्य पीठाचा व २०१६ मध्ये खंडपीठाचा निकाल झाला आणि अखेर १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, केवळ नामनिर्देशनाने कोणी शेअर्सचा वा गुंतवणुकीचा मालक होत नाही. मालकी ठरते ती वारसा कायद्याने अथवा मृत्युपत्राने.

निधनापासून अंतिम निकालापर्यंत दहा वर्षांहून अधिक काळ लोटला. यात कोणाचा दोष काढण्याचे कारण नाही. ज्या प्रश्नावर न्यायालयांतही एकमत नव्हते, त्या प्रश्नावर कुटुंबीयांचे मत भिन्न असणे स्वाभाविकच होते. बोध घ्यावयाचा तो एवढाच की, एवढ्या जाणत्या गृहस्थांच्या घरीही मृत्युपत्र एकीकडे आणि नामनिर्देशने दुसरीकडे, अशी स्थिती निर्माण होऊ शकली. मग सामान्य व्यापाऱ्याच्या घरी ती किती सहज निर्माण होत असेल!

हे अधिक स्पष्ट व्हावे म्हणून नागावातील एका कुटुंबाचे उदाहरण घेऊ. ते सर्वस्वी काल्पनिक आहे, परंतु त्यातील एकही गोष्ट अशक्य नाही. एका गृहस्थाने २०१२ मध्ये मृत्युपत्र केले. सर्व मिळकत स्वकष्टार्जित. गावी राहणाऱ्या थोरल्या मुलास नारळी-पोफळीची वाडी, धाकट्या मुलास बाजारातील दुकानाचा गाळा, मुलीस दागिने आणि पत्नीसंबंधी एक वाक्य: ‘मातोश्रींचा सांभाळ दोन्ही मुलांनी करावा.’ त्या दिवशी ही वाटणी न्याय्य होती. वाडी व गाळा यांची किंमत जवळजवळ सारखी होती आणि दोघे भाऊ एकमेकांच्या घरी जेवत होते.

पुढे काय घडले? ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि नागाव, चौल, रेवदंडा या पट्ट्यातील वाड्यांची मोठी हानी झाली. उभ्या पोफळी मोडून पडल्या. नवी पोफळ लावली तरी फळ हाती येण्यास कित्येक वर्षे जातात. थोरल्याने उत्पन्न सुरू राहावे म्हणून वडिलांच्या संमतीने वाडीत पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या. वडिलांनी त्यासाठी वाडी तारण ठेवून कर्ज काढले. त्याच सुमारास, मार्च २०२० मध्ये, मुंबईहून मांडव्यास वाहनांसह येणारी रो-रो बोट सुरू झाली होती. १२ जानेवारी २०२४ रोजी सुमारे २२ किलोमीटर लांबीच्या अटल सेतूचे उद्घाटन झाले. मुंबईकर अधिक संख्येने येऊ लागला आणि किनाऱ्यालगतच्या जमिनीचे मोल बदलले. इकडे दुकानाचा धंदा मंदावला. वडिलांनी गाळा विकला आणि आलेली रक्कम बँकेत मुदत ठेवीत ठेवली. बँकेत सोबत थोरला गेला होता, म्हणून नॉमिनी म्हणून त्याचेच नाव लागले. मृत्युपत्र मात्र पेटीत तसेच राहिले.

आता वडील निवर्तले असे समजू. थोरला म्हणतो, ठेवीवर माझे नाव आहे. धाकटा म्हणतो, ती माझ्या गाळ्याची रक्कम आहे. कायदा दोघांचेही म्हणणे मान्य करीत नाही. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम १५२ प्रमाणे, जी विशिष्ट वस्तू मृत्युपत्राने दिली ती मृत्यूच्या वेळी करणाऱ्याच्या मालकीची उरली नसेल अथवा तिचे रूपांतर दुसऱ्या प्रकारच्या मिळकतीत झाले असेल, तर ती देणगी संपुष्टात येते. गाळा उरला नाही, म्हणून धाकट्याचे कलम निरर्थक झाले. नामनिर्देशनाने थोरला मालक झाला नाही. ‘उर्वरित सर्व मिळकत अमुक व्यक्तीस’ असे कलम मृत्युपत्रात नाही. म्हणून ती ठेव हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे वाटली जाईल. हा अधिनियम जैन समाजासही लागू आहे. पत्नी, दोन मुलगे व मुलगी यांना प्रत्येकी एक, असे चार समान भाग. गृहस्थाची आई हयात असेल तर तिचा पाचवा. दुसरीकडे, तारण ठेवलेली वाडी थोरल्यास मिळेल, पण मृत्युपत्रात वेगळे लिहिले नसेल तर त्या कर्जासह मिळेल. आणि जिच्या सांभाळाविषयी एकच वाक्य लिहिले होते, त्या मातोश्रींनी कोणत्या घरात, कोणत्या हक्काने राहावे, याचे उत्तर त्या कागदात कोठेच नाही.

वडिलांची इच्छा दोघा भावांना समान द्यावे अशी होती. त्यांनी कोणावरही अन्याय केला नाही; त्यांनी केवळ कागद पुन्हा उघडला नाही. एकाच विहिरीचे पाणी पिणारे दोन भाऊ उंबरठा ओलांडेनासे होतात आणि गावातील लहानशा संघातही दोन गट पडतात, त्याचे मूळ पुष्कळदा अशा न उघडलेल्या कागदात असते.

मृत्युपत्र केव्हा उघडावे, याचे चार प्रसंग सांगता येतात.

पहिला प्रसंग माणसांचा. घरात जन्म, विवाह, घटस्फोट, दत्तकविधान वा मृत्यू झाला की मृत्युपत्र वाचावे. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. विवाह झाला की पूर्वीचे मृत्युपत्र रद्द होते, असे पुष्कळांनी ऐकलेले असते. तो नियम हिंदू, बौद्ध, शीख व जैन यांना लागू नाही. १९२५ च्या अधिनियमाच्या कलम ५७ मध्ये तसे स्पष्ट म्हटले आहे. अर्थात, अविवाहित असताना आईच्या वा भावाच्या नावे मृत्युपत्र केलेल्या तरुणाने विवाहानंतर ते बदलले नाही, तर ते तसेच लागू राहते आणि पत्नीचे नाव त्यात नसते. घटस्फोटानेही ते आपोआप बदलत नाही. मृत्यूचा नियमही जाणून घ्यावा. ज्या भावास वा मित्रास देणगी लिहिली तो आधी निवर्तला, तर सर्वसाधारणपणे ती देणगी संपते व उर्वरित मिळकतीत जमा होते. मुलगा वा मुलगी आधी निवर्तली आणि तिची संतती हयात असेल, तर मात्र कलम १०९ प्रमाणे देणगी संपत नाही. परंतु ती नातवंडांस थेट न जाता दिवंगत मुलाच्या वा मुलीच्या मिळकतीत धरली जाते व तेथून त्यांच्या वारसांकडे जाते. आजोबांच्या मनात शिक्षणासाठी थेट नातवास द्यावे असे असेल, तर तसे नव्याने लिहावे लागते.

याच प्रसंगात व्यवस्थापकाचा, म्हणजे एक्झिक्युटरचा व साक्षीदारांचाही विचार येतो. साठीच्या माणसाने पासष्टीच्या मित्रास व्यवस्थापक नेमले, तर वीस वर्षांनी तो मित्र कोठे असेल? साक्षीदार हयात नसतील तर हस्ताक्षरे अन्य मार्गाने सिद्ध करण्याचा व्याप वारसांच्या मागे लागतो. व्यवस्थापक व साक्षीदार वयाने लहान, विश्वासू आणि शक्यतो जवळपास राहणारे असावेत.

दुसरा प्रसंग मिळकतीचा. खरेदी, विक्री, नवे कर्ज, भागीदारीतून निवृत्ती, वाडीचे बिनशेती रूपांतर, जुन्या घराचा पुनर्विकास, यांपैकी काहीही झाले की त्याच आठवड्यात मृत्युपत्र काढून वाचावे. व्यवहार नसतानाही मोल बदलते, हे वादळाच्या व पुलाच्या उदाहरणावरून दिसलेच. म्हणून शक्य तेथे ‘अमुक वस्तू अमुकास’ असे लिहिण्यासोबत भावांची बरोबरी कशी साधावी, हेही लिहावे. आणि ‘उर्वरित सर्व मिळकत’ हे कलम कधीही विसरू नये. ते एक कलम असते तर काल्पनिक कुटुंबातील ठेवीचा प्रश्न बराचसा सुटला असता.

नामनिर्देशन हाही या प्रसंगाचाच भाग. मृत्युपत्र बदलले की बँक, पोस्ट, डीमॅट व म्युच्युअल फंड यांतील नॉमिनीची नावे त्याच्याशी ताडून पाहावीत. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींवर चारपर्यंत नॉमिनी नेमण्याची व प्रत्येकाचा हिस्सा नोंदविण्याची सोय झाली आहे. ज्यांच्या ठेवीवर एकाच मुलाचे नाव आहे, त्यांनी या सोयीचा लाभ अवश्य घ्यावा. मृत्युपत्र व नामनिर्देशन यांत एकच नावे व एकच हिस्से असतील, तर वादाला जागाच उरत नाही.

तिसरा प्रसंग कायद्याचा. कायदा बदलतो, न्यायालयाचा अर्थही बदलतो, आणि कपाटातील कागदाला त्याची वार्ता नसते. नामनिर्देशनाचेच पाहावे. २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या एका निकालात नॉमिनी हाच शेअर्सचा मालक होतो असे म्हटले होते. त्या भरवशावर कोणी नॉमिनी नेमून निश्चिंत झाला असेल, तर २०१६ व २०२३ च्या निकालांनी त्याचा पाया काढून घेतला. दुसरे उदाहरण मुलींच्या हक्काचे. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने मुलीस मुलाप्रमाणेच जन्मतः सहदायाद मानले गेले. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, त्या तारखेस वडील हयात असणे आवश्यक नाही. वडिलोपार्जित मिळकतीत माणूस मृत्युपत्राने केवळ स्वतःचा हिस्सा देऊ शकतो. तेव्हा नव्वदच्या दशकात ‘वडिलोपार्जित पेढी दोन्ही मुलांस’ असे लिहून ठेवलेला कागद आज त्या अर्थाने पूर्ण उरत नाही. मुलीचा हिस्सा तिचाच आहे, तो वडिलांच्या हातचा नाहीच. हे घरात वेळीच बोलले गेले, तर बहीण-भावांत कटुता येत नाही. न्यायालयात प्रथमच कळले, तर येते.

चौथा प्रसंग मनाचा व देहाचा. माणसाची इच्छा बदलते, हा दोष नव्हे. आल्फ्रेड नोबेल यांनी १८८९ मध्ये एक, १८९३ मध्ये दुसरे आणि २७ नोव्हेंबर १८९५ रोजी तिसरे मृत्युपत्र केले. जगप्रसिद्ध पारितोषिकांची तरतूद या तिसऱ्या मृत्युपत्रात होती. पुढील वर्षी, १० डिसेंबर १८९६ रोजी ते निवर्तले. विचार पक्का झाला तेव्हा त्यांनी कागद बदलण्यास विलंब केला नाही. मात्र ज्या संस्थेस निधी द्यावयाचा ती अस्तित्वातच नव्हती, त्यामुळे संस्था उभी राहून पहिली पारितोषिके १९०१ मध्ये दिली गेली. दानाची इच्छा असणाऱ्यांनी यातून दोन गोष्टी घ्याव्यात. न्यासास देणगी लिहिताना त्याचे नोंदणीकृत पूर्ण नाव व नोंदणी क्रमांक लिहावा. ‘गावच्या देरासरास’ एवढेच लिहिले तर संदिग्धता राहते. तसेच वीस वर्षांपूर्वी लिहिलेली ठरावीक रक्कम आज किती तुटपुंजी ठरते, हेही पाहावे. रकमेऐवजी मिळकतीचा ठरावीक हिस्सा लिहिणे अधिक योग्य.

देहाचा मुद्दा नाजूक आहे. प्रकृती चांगली असतानाच हे काम करावे. रुग्णशय्येवर, मोजक्याच नातलगांच्या उपस्थितीत, ज्यास अधिक मिळते त्यानेच पुढाकार घेऊन केलेल्या मृत्युपत्राकडे न्यायालय संशयाने पाहते; १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा संशय दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर टाकली आहे. वृद्धापकाळी बदल करावयाचा असेल तर डॉक्टरांचा मानसिक स्वास्थ्याचा दाखला त्याच दिवशी घेणे हिताचे. कायद्याने तो सक्तीचा नाही, परंतु पुढे तो उपयोगी पडतो.

बदल कसा करावा, याविषयी थोडक्यात. मृत्युपत्र करणारा शुद्धीवर असेतोवर त्यास ते कितीही वेळा बदलता येते. लहान बदलासाठी पुरवणी मृत्युपत्र पुरते. मोठे बदल असतील तर संपूर्ण नवे करावे आणि त्यात ‘यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द’ असे स्पष्ट लिहावे. दोन्हींस स्वाक्षरी व दोन साक्षीदार आवश्यक आहेत. ज्यास मिळकत मिळणार त्यास साक्षीदार करू नये. जुन्या कागदावर पेनाने नाव खोडून वर दुसरे लिहिणे ही सर्वांत मोठी चूक होय. अशी खाडाखोड स्वाक्षरी व दोन साक्षीदारांशिवाय ग्राह्य धरली जात नाही आणि वादास मात्र आमंत्रण देते. मृत्युपत्रास मुद्रांक शुल्क नाही व नोंदणीही सक्तीची नाही. तरीही पहिले नोंदविले असेल तर नवेही दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवावे, म्हणजे कोणते शेवटचे, याविषयी शंका राहत नाही. प्रत्येक कुटुंबाची परिस्थिती निराळी असल्याने अंतिम मसुदा वकिलास दाखवूनच पक्का करावा.

आता राहिला प्रश्न स्मरणाचा. वरील प्रसंग घडतात तेव्हा घर आनंदात वा दुःखात असते. कागदाची आठवण कोणास होते? म्हणून वर्षातून एक दिवस नेमावा. व्यापारी कुटुंबास लाभपंचमीइतका सोयीचा दिवस नाही. नवे चोपडे सुरू करताना पेटीतील मृत्युपत्र काढावे, पत्नीस शेजारी बसवावे आणि चार प्रश्न विचारावेत: माणसे तीच आहेत काय? मिळकत तीच आहे काय? कायदा तोच आहे काय? इच्छा तीच आहे काय? चारही उत्तरे ‘होय’ असतील तर कागद पुन्हा पेटीत ठेवावा. एकही उत्तर ‘नाही’ असेल तर त्याच महिन्यात वकिलाकडे जावे. यास अर्धा तास पुरतो. पत्नीस शेजारी बसवावे, हे मुद्दाम सांगितले. बहुतेक घरांत मागे राहते ती तीच, आणि पेटीची किल्ली कोठे आहे, ठेवी कोणत्या बँकेत आहेत, हे तिलाच ठाऊक नसते. तिच्या हयातीपर्यंत घरात राहण्याचा व चरितार्थाचा हक्क ‘मुलांनी सांभाळावे’ या सदिच्छेवर न सोडता कागदावर स्वतंत्रपणे लिहिणे हे प्रत्येक गृहस्थाचे कर्तव्य आहे.

श्रावकाच्या व्रतांत परिग्रह-परिमाण सांगितले आहे. परिग्रहास मर्यादा घालावयाची तर प्रथम स्वतःजवळ काय आहे ते मोजावे लागते, आणि ते मोजणे एकदाच करून संपत नाही. मृत्युपत्राचे वार्षिक वाचन हेही तसेच मोजणे आहे. जे सोबत नेता येत नाही ते कोणाच्या हाती, कोणत्या भावनेने सोपवावयाचे, याचा विचार त्या अर्ध्या तासात होतो. वडिलांनी ठेवलेली वाडी मुलांना किती वर्षे पुरेल, हे वादळ-वाऱ्यावर अवलंबून असेल. परंतु वडिलांच्या पश्चात ती मुले एका पंगतीत बसतील की नाही, हे पुष्कळसे त्या एका कागदावर अवलंबून आहे.

जय जिनेंद्र.